काशिनाथ गवंड्याचा पडून राहण्याचा दिवस

काशिनाथला आयुष्यात एकच काम जमलं नव्हतं. काहीही न करणं. तेराव्या वर्षी वाईजवळच्या गावात बापाच्या हाताखाली त्याने पहिला दगड घडवला आणि सदुसष्टाव्या वर्षी पुण्यात शेवटच्या भिंतीवरून खाली उतरला. मधल्या चोपन्न वर्षांत आजारपणाचे खाडे नऊ. नववा विंचू चावला तेव्हाचा, आणि तोही अर्ध्या दिवसाचा.

आता त्याला एकाहत्तरावं चालू होतं. तो आणि त्याची बायको विमल लेकीकडे न्यूझीलंडला, लोअर हटला राहत होते. लेक भाग्यश्री इंजिनियर. रोज ट्रेनने वेलिंग्टनला जायची आणि जुन्या इमारती भूकंपात पडू नयेत म्हणून त्यांना आतून लोखंडाचा आधार कसा द्यायचा ते ठरवायची. विटांची चिमणी दिसली की ती उतरवा म्हणायची.

काशिनाथला हे लागायचं. ज्या कामावर त्याने लेकीला शिकवलं, त्या कामाला या मुलुखात धोका म्हणत होते. इथली घरं लाकडाची, आतून जिप्समच्या पाट्या. तो बोटाने टकटक करून म्हणायचा, "भिंत कसली, पुठ्ठा आहे." मग एका सकाळी धक्का आला. घर पाळण्यासारखं हललं आणि होतं तसं उभं राहिलं.

"अण्णा," भाग्यश्री म्हणाली, "तुमची दगडी भिंत असती ना, तर आत्ता आपण तिच्याखाली असतो."

काशिनाथ दोन दिवस जेवताना बोलला नाही. विमलला तेवढीच शांतता मिळाली.

आणि मग मार्चमध्ये लेकीनेच एक फोटो दाखवला. पेरू देशातलं कुस्को नावाचं शहर, अँडीजच्या डोंगरांत, चौतीसशे मीटर उंचीवर. तिथली पाच-सहाशे वर्षांपूर्वीची भिंत. दगड म्हशीएवढे, एकाचा आकार दुसऱ्यासारखा नाही, मध्ये चुना नाही, सिमेंट नाही. भूकंपात नंतरची बांधकामं ढासळली, ही भिंत राहिली. मे महिन्यात भाग्यश्री तिथे जुन्या बांधकामांच्या परिषदेला निघाली होती. ज्या हॉटेलात उतरणार, त्याच्या जेवणाच्या खोलीत अशीच एक भिंत होती.

"सांध्यात नखसुद्धा शिरत नाही म्हणतात," ती म्हणाली.

काशिनाथने चष्मा लावला. फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. "कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात."

"सगळ्यांनी नख घालून बघितलंय?"

"आता ते मला कसं माहीत असणार?"

"मग मला घेऊन चल. मी घालून बघतो."

भाग्यश्री लगेच हो म्हणाली नाही. कारण होतं. आदल्या हिवाळ्यात ती दोघांना रुआपेहू डोंगरावरचा बर्फ दाखवायला घेऊन गेली होती. तिथे कुणा परक्या माणसाची गाडी बर्फात रुतलेली दिसली. काशिनाथने न विचारता त्याचं फावडं घेतलं आणि चाकं मोकळी केली. पंधरा मिनिटांत काम फत्ते. सोळाव्या मिनिटाला तो बर्फात बसला, ओठ निळे, आणि विमल त्याचं नाव घेऊन हाका मारत होती. पन्नास वर्षांच्या संसारात तिने पहिल्यांदाच त्याचं नाव तोंडाने घेतलं.

"ती उंची सोळाशे मीटर होती," भाग्यश्री म्हणाली. "कुस्को तिच्या दुप्पट आहे. डॉक्टर म्हणतात, जाऊ देत, पण पहिला दिवस अंथरुणात. तुम्ही पडून राहणार आहात? मी परिषदेत असेन. आई येणार नाही म्हणते. तुमच्यावर लक्ष कोण ठेवणार?"

"पडून राहायला काय अक्कल लागते?"

"दाखवा मग. येत्या शनिवारी, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. जमलं तर तिकीट काढते. नाही जमलं तर तुम्हाला त्या भिंतीचे फोटो आणीन."

"फोटोत नख शिरत नाही," काशिनाथ म्हणाला. पैज ठरली.

भाग्यश्रीने कुस्कोसाठी सूचनांचा कागद लिहून फ्रिजवर लावला. हॉटेलला आधीच कळवायचं की विमान सकाळी उतरतं, खोली लवकर द्या. नाहीतर दुपारपर्यंत लॉबीत बसावं लागतं. खोली तळमजल्यावरची मागायची, जुन्या हॉटेलांत लिफ्ट नसते. रस्त्याकडची नको, आतल्या चौकाकडची. बॅग स्वतः उचलायची नाही. गरम पाणी किती वाजता येतं ते आधी विचारायचं, अंगाला साबण लावल्यावर नाही. नळाच्या पाण्याने चूळसुद्धा भरायची नाही. संडासातला कागद टोपलीत टाकायचा, भांड्यात नाही, तिथले पाइप अरुंद आहेत. रात्री गारठा पडतो, जादा ब्लँकेट दिवसाच मागून ठेवायचं. कोकाच्या पानांचा चहा लॉबीत ठेवलेला असतो, तो प्यायचा. पण पानं खिशात घालून परत आणायची नाहीत, ऑकलंडच्या विमानतळावर धरतील. दम लागला तर रिसेप्शनवर ऑक्सिजन असतो, मागायला लाजायचं नाही. पहिल्या दिवशी हलकं आणि अर्धं पोटच जेवायचं. आणि सगळ्यात खाली, लाल पेनने: पहिल्या दिवशी उठायचं नाही, उचलायचं नाही, ओरडायचं नाही.

"ओरडायचं का नाही?" काशिनाथने विचारलं.

"श्वास खर्च होतो."

"आणि मोरीला जायचं असेल तर?"

"तेवढं जा, अण्णा. हळू जा."

शनिवारी भाग्यश्रीला वेलिंग्टनच्या एका बंद इमारतीची पाहणी होती. जाताना तिने पाहुण्यांची खोली हॉटेल ठरवली आणि आईला मॅनेजर केलं. विमलने ते काम गरजेपेक्षा जास्त मनावर घेतलं. सहा वाजता काशिनाथ पाहुण्यांच्या खोलीच्या दाराशी आला, तर तिने त्याला बाहेरच खुर्चीवर बसवलं.

"खोली तयार नाही."

"अगं, माझ्याच लेकीचं घर आहे हे."

"आधी कळवलं होतं का? नाही ना? मग बसा."

अर्धा तास बसवून तिने त्याला आत घेतलं. साडेसातपर्यंत त्याने तीनदा पाणी मागितलं, दोनदा उशी बदलली आणि एकदा जिप्समच्या भिंतीवर टकटक केलं. साडेआठला त्याने खिडकीची बिजागरी कुरकुरते अशी तक्रार केली. तेल कुठे आहे ते त्याला माहीत होतं, तो आणू शकतो.

"अहो, गिऱ्हाईक बिजागरीला तेल घालतं का?"

"तोपोच्या मोटेलात बाथरूमच्या फरशीच्या दरजा मी भरल्या होत्या. मालक खूश झाला."

"मालक घाबरला होता. आपल्या भागीने त्याची माफी मागितली."

दहाच्या सुमाराला शेजारच्या अंगणात ठक ठक सुरू झालं. काशिनाथने मान उचलली. खिडकीच्या समोरच तामाती राहायचा. बस चालवून निवृत्त झालेला, दिलदार गडी, जाता-येता "किया ओरा, काश!" असा माओरी नमस्कार घालणारा. आज त्याने टपालपेटीजवळ गुडघाभर उंचीची बागेची भिंत बांधायला घेतली होती. विटांचा ढीग, घमेलं, आणि व्हिडिओ लावून कुंपणावर टेकवलेला फोन.

"विमल," काशिनाथ हळू आवाजात म्हणाला, "दोरी नाही लावलेली त्याने."

"तुम्ही झोपा."

"दोरी न लावता थर कसा सरळ जाईल? आणि बघ, बघ तू, सांध्यावर सांधा! खालच्या दोन विटांच्या सांध्यावर वरच्या विटेचं पोट यायला पाहिजे. हा सरळ शिडी रचतोय."

विमलने पडदा ओढला. ते आणखी वाईट झालं. आता दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. वीट मालात बसली की थापीचा दांडा एकदा वाजायला हवा, फार तर दोनदा. तामातीचा सहा-सहा वेळा वाजत होता.

"माल कोरडा कालवलाय त्याने," पडद्याकडे बघत काशिनाथ म्हणाला. "पडदा उघड. आंधळ्यापेक्षा डोळस बरा."

बारा वाजता विमलने भाताची पेज आणि थोडंसं वरण आणलं. अर्धं पोट, कागदावर लिहिल्याप्रमाणे. काशिनाथने खाल्लं, पण नजर बाहेर.

"तू एवढं कर. त्याला जाऊन दोरी लाव म्हण. मी उठत नाही, उचलत नाही, ओरडत नाही."

विमल वाटीभर शिरा घेऊन कुंपणापाशी गेली. हातवारे करत बोलली. तामातीने शिरा खाल्ला, अंगठा दाखवला, हसला. ती परत आली.

"काय म्हणाला?"

"स्वीट ॲज म्हणाला."

"म्हणजे?"

"म्हणजे ऐकलं, पण करणार नाही."

तसंच झालं. तिसरा थर गेला. भिंतीला मध्यावर पोट सुटलं, जेवणावळीतून उठलेल्या पाहुण्यासारखं. काशिनाथ कुशीवर वळला, परत वळला. त्याचा उजवा हात चादरीवर आपोआप थापी फिरवल्यासारखा फिरत होता.

"हे काम नव्हे," तो म्हणाला. "माणूस मेल्यावर करतोच की हे. जिवंतपणी कशाला?"

विमल बाजूच्या खुर्चीत बसून वाटाणे सोलत होती. तिने मान वर केली नाही. "भिंत बांधून झाली की तुम्ही काय करायचात हो?"

"काय म्हणजे? पाणी मारायचं."

"आणि?"

"आणि हात लावायचा नाही. पक्की होईपर्यंत तसंच ठेवायचं."

"दुसऱ्या दिवशी एखादा गडी त्या भिंतीवर चढला तर?"

"कानाखाली आवाज काढीन."

"मग तिथे पहिल्या दिवशी तुमचं अंग म्हणजे ओलं बांधकामच की. पाणी प्या आणि तसेच राहा. चढला कुणी तर आवाज काढायला मी आहे."

काशिनाथने हात लांब करून पेला घेतला आणि पाणी पूर्ण संपवलं. पुढचे दोन तास तो घड्याळ बघून अर्ध्या-अर्ध्या तासाला पाणी पीत होता, कामावरचं पाणी मारावं तसं, एक फेरी न चुकवता. विमलला वाटलं, आपण जिंकलो.

चार वाजता तामातीने चौथा थर लावायला घेतला. कडेची वीट त्याने ठेवली, ती हलली. दुसऱ्या टोकाला तो दाबत गेला आणि सगळा थर बाहेरच्या बाजूला झुकला. फूटपाथच्या बाजूला. काशिनाथ उठून बसला. पाय जमिनीवर आले. एक जॅंडल, इथली रबरी चप्पल, पायात गेलीसुद्धा.

"दहा मिनिटं," तो म्हणाला. "दोरी बांधून देतो, ओळंबा दाखवतो. माल अजून ओला आहे. उद्या ती फोडावी लागेल."

विमल दारातून बाजूला झाली. आडवी आली असती तर बरं, असं काशिनाथला वाटलं.

"जा," ती म्हणाली. "दार उघडं आहे. मी भागीला सांगणार नाही."

काशिनाथ उभा राहिला नाही.

"खरंच सांगणार नाही," विमल म्हणाली. "ती विचारेल, मी म्हणेन दिवसभर पडून होते. ती तिकीट काढेल. आणि तिथे पहिल्या दिवशी तुम्हाला खिडकीतून कुणीतरी काहीतरी वाकडं करताना दिसेल. दिसणारच, जगात सगळं सरळ कुठे असतं? तुम्ही उठाल. आणि तिथे हाक मारायला मी नसेन."

बाहेर सहा वेळा ठक ठक झाली.

काशिनाथने पायातली जॅंडल काढली. दुसरीच्या शेजारी नीट ठेवली, टोकं एका रेषेत. पाय वर घेतले, खिडकीकडे पाठ केली आणि पुठ्ठ्याच्या भिंतीकडे तोंड करून पडला. चोपन्न वर्षांत त्याने दोन मण दगड खांद्यावरून परांचीवर चढवला होता, एका पावसाळ्यात कमरेपर्यंतच्या पाण्यात उभं राहून पाया भरला होता. त्यातल्या कशातही त्याचे दात इतके आवळले गेले नव्हते. वाटाणे संपले होते, तरी विमल भांडं घेऊन बसून राहिली.

भाग्यश्री लोअर हटच्या वॉटर्लू स्टेशनवरून चालत आली तेव्हा साडेपाच उलटून गेले होते. तामातीच्या फाटकापाशी ती थांबली. इंजिनियरच ती. डोकं तिरकं करून तिने भिंत पाहिली, एका टोकाकडून पाहिली, मग दुसऱ्या.

"नॉट बॅड, ए?" तामाती अभिमानाने म्हणाला.

"तामाती," ती म्हणाली, "यापेक्षा सुंदर भिंत मी आयुष्यात पाहिली नाही." आणि जवळजवळ पळतच घरात शिरली.

पाहुण्यांच्या खोलीत काशिनाथ अजून भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"अण्णा, पासपोर्ट कुठे ठेवलाय? तिकीट काढते."

"मला विचार तरी आधी," विमल म्हणाली. "मॅनेजर आहे मी."

"तू त्यांचीच बाजू घेणार. मी बाहेर बघून आले. ते एकदा जरी उठले असते, तरी ती भिंत तशी राहिली असती का?"

काशिनाथ इकडे वळला. लेकीचे डोळे ओले होते आणि ती हसत होती. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"पासपोर्ट कपाटात आहे. वरच्या कप्प्यात," तो म्हणाला.

"उठा की आता! जमलं तुम्हाला."

"सहाला अठरा मिनिटं कमी आहेत. ठरलं ते ठरलं." त्याने पाण्याचा पेला उचलला. "तू एक कर. बाहेर जा आणि त्या माणसाला सांग, सहा वाजेपर्यंत पाचव्या थराला हात लावू नकोस म्हणावं."