गुडघ्यातली चरबी

तीन वर्षं माझ्या पत्नीचा उजवा गुडघा सुजलेला होता. तिला चुलीपुढे बसता येत नव्हतं. मी तारखेवार वही ठेवली होती: सूज कधी चढली, पाणी कधी काढलं, किती दिवसांत पुन्हा भरलं. गोरेगावहून बैलगाडीनं हिंगोलीला नेऊन चार वेळा सुईनं पाणी काढून आणलं. आई म्हणायची, "काढलं की भरतंय. गुडघा हाय का इहीर?"

हिंगोलीच्या डॉक्टरांनी आधी हाडाचा क्षय धरला होता. पण ताप नव्हता, पाणीही स्वच्छ, पिवळसर. वही वाचून आणि गुडघा दाबून ते म्हणाले, "आत कणकेसारखं मऊ लागतंय. सांध्याच्या अस्तरावर चरबी वाढली असावी. मी हे फक्त पुस्तकात वाचलंय. जिवाला धोका नाही, पण फार दिवस राहिली तर सांधा झिजेल. उघडून काढावी लागेल."

त्यांनी हैदराबादच्या सर्जनना पत्र लिहिलं. दिवस ठरला. गुडघ्याला काही लावू नका, असं मला बजावलं.

मी सामानाची यादी केली, पूर्णेला गाडी बदलायची वेळ लिहून घेतली. डॉक्टरांचं बजावणं तेवढं घरात बोललो नाही. आदल्या दिवशी आईनं सुनेच्या गुडघ्यावर बिब्ब्याचं गरम तेल लावून पट्टी बांधली. वाटेत ठणकू नये म्हणून.

आगगाडीतच बिब्बा उतला, कातडी भाजल्यासारखी फोडांनी भरली. दवाखान्यात पट्टी सोडली तेव्हा फोड फुटलेले होते.

"ये क्या लगाया?" सर्जननी विचारलं.

मी सांगितलं.

"यहाँ से छुरी अंदर गई तो पीप जोड में उतरेगी. जखम भरने दो, फिर आना."

पू सांध्यात उतरेल म्हणून त्यांनी परत पाठवलं. जखम भरायला दोन महिने लागले. तोवर मुलखात लुटालूट, जाळपोळ सुरू झाली. बाईमाणसाला घेऊन हैदराबादला जायला कुणी धजेना. पुन्हा गेलो तेव्हा सव्वा वर्ष उलटलं होतं.

निदान बरोबर निघालं. शस्त्रक्रिया झाल्यावर सर्जननी काचेची वाटी पुढे करून दाखवली. आत चरबीची पिवळी झालर होती. "ये निकल गया," ते म्हणाले. "मगर जोड घिस गया है. अब घुटना नहीं मुडेगा."

शुद्धीवर येताच तिनं विचारलं, "निघालं का समदं?"

"व्हय."

"मंग आता बसता यील."

मी तिला पाणी पाजलं.

घरी आल्यावर ती चुलीपुढे बसायला गेली. पाय ताठच राहिला. भिंत धरून ती पुन्हा उभी राहिली, आणि आईकडे किंवा माझ्याकडे न पाहता बाहेर गेली.