पेत्राचे हात

माझे वडील पूर्णा स्टेशनजवळ पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, निवडणुकीच्या. रेल्वे क्वार्टरमधली एक ख्रिस्ती मुलगी माझ्या वर्गात होती. रविवारी चर्च सुटलं की ती सरळ आमच्या टपरीत यायची. वडिलांनी आम्हा दोघींच्या हातात एकाच दिवशी ब्रश दिला. माझी अक्षरं सरळ यायची. तिची वाकडी यायची, पण रिकाम्या पत्र्यावर ती गिऱ्हाइकांचे चेहरे काढायची आणि वडील ते पुसायचे नाहीत. माझं चुकलेलं अक्षर मात्र लगेच पुसायचे.

पुढं औरंगाबादला आम्ही चित्रकलाही बरोबरच शिकलो. तिची मरीया ऊसतोडीहून परतलेल्या बाईसारखी दिसायची, पायांना भेगा पडलेली. मी विचारलं, "बायबलातली माणसं अशी कुठं असतात?" ती म्हणाली, "देव माणूस झाला असं आमी मानतो. मग माणूस नीट बघायला नको का?" तेव्हापासूनच ती मला खुपायला लागली असावी.

शिक्षण संपल्यावर इटलीत जायची एक संधी आली. जुन्या चर्चमधल्या भिंतीवरची चित्रं दुरुस्त करायचं काम. अर्ज दोघींनी केला, बोलावणं तिला आलं. मी परभणीत शाळेत चित्रकला शिकवायला लागले. घागर, दोन केळी, मागे पडदा. ती तिकडं दुरुस्ती करता करता स्वतःची चित्रं काढू लागली, ती चर्चमध्ये लागू लागली. तिच्या चित्राचा फोटो आला की मी लगेच उत्तर द्यायचे, 'खूप सुंदर', आणि मग संध्याकाळभर भांडी आपटायचे.

मागच्या नाताळात ती आली आणि म्हणाली, "मला पेत्र काढायचाय. काकांना बसवू का?" पेत्र म्हणजे येशूचा तो शिष्य, ज्यानं घाबरून 'मी त्याला ओळखत नाही' म्हटलं आणि नंतर रडला.

वडील आता माझ्याकडंच राहतात. हात थरथरतात म्हणून ब्रश सुटला, आणि ब्रशबरोबर बोलणंही. माझ्याशी जेवण आणि गोळ्या, एवढंच. पण तिच्यासमोर खुर्चीत बसले आणि सुरूच झाले. कुठल्या पुढाऱ्यानं नावात काना कमी पडला म्हणून पाटी परत आणली, कुठल्या डॉक्टरला पिवळाच रंग पाहिजे होता. मी स्वयंपाकघरात चहा उकळत ऐकत होते. यातलं मला काहीच माहीत नव्हतं. तिच्या हाताचा हेवा जुनाच होता, त्याची सवय झाली होती. हा नवा होता आणि तो गिळता येईना.

"काका, दमलात का?"

"न्हाई गं. तू काढायलीस, मी बसलोय. मला काय काम हाय?"

ती हात धुवायला मोरीत गेली तेव्हा मी कॅनव्हाससमोर उभी राहिले. चेहरा अर्धवट होता, हात पूर्ण झाले होते. डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलेलं. थरथर कुणाला दिसू नये म्हणून वडील असंच बसतात. त्यांच्या हातून सांडू नये म्हणून मी कित्येक महिने कप अर्धाच भरत होते, पण ही पकड मी पाहिलीच नव्हती. तिनं एका सकाळीत पाहिली.

ती परत आली तेव्हा काहीतरी टोचेल असं बोलायचंच होतं. म्हटलं, "कान मोठे झालेत."

तिनं मागं सरून पाहिलं. "खरंच की," म्हणाली आणि कान पुसून पुन्हा काढले. वर खुशीत म्हणाली, "तुझी नजर अजून तशीच हाय बघ." माझा नेमही फुकट गेला, चित्र आणखी चांगलं झालं.

उन्हाळ्यात फोटो आला. दगडी भिंतीवर माझे वडील, आणि खाली मेणबत्त्या. वडिलांनी फोन लांब धरून पाहिला. "जित्या माणसापुढं दिवे लावायलेत," म्हणाले आणि किती तरी वेळ हसले. ती फोनवर सांगत होती, "फादरनं विचारलं हा कोण. मी म्हटलं, यांनी माझ्या हातात ब्रश दिला." तिचं खरंच होतं. तरी 'माझ्या' हा शब्द मला दिवसभर सोडेना.

पुढच्या रविवारी मी वही घेऊन वडिलांपुढं बसले. म्हटलं, "बाबा, थोडा वेळ बसता का?"

"बसतो की. पण तुझ्यासमोर गप बसावं लागंल. तू कायच इचारत न्हाईस."

"त्या डॉक्टरचं काय झालं? पिवळ्या पाटीवाल्या?"

ते सांगायला लागले. मी काढत होते, हसतही होते आणि त्या नादात नाक बिघडलं. चित्र साधारणच झालंय. वडील म्हणतात बरं हाय. मी ते तिला पाठवलेलं नाही. परवा तिनं विचारलं, "हल्ली काही काढतेस का?" मी म्हटलं, "कुठं गं, वेळच मिळत नाही."