तणसात गुंडाळलेलं पाणी

माझ्या बायकोचे गुडघे धानाच्या बांधीत गेले. चाळीस पावसाळे तिने चिखलात वाकून रोवणा केला. शेवटी शेवटी तिले संडासलाही मी धरून न्यायचो.

मध्यप्रदेशाच्या डोंगरात गरम पाण्याचा झरा आहे, त्याच्या कुंडात पाय सोडून बसलं की सांधे मोकळे होतात, असं व्याह्याने सांगितलं होतं. तेव्हा ती चालत होती. "नेता का जी मले?" म्हणे. मी म्हटलं, रोवणा होऊ दे. मग म्हटलं, कापणी होऊ दे. मग चुरणा, धानाची मळणी. अशी चार वर्षं गेली. मग तिने विचारणंच सोडलं.

ती खाटेले लागली तेव्हा मी एकटाच गेलो, दहा लिटरचा कॅन घेऊन. कुंडातलं पाणी हाताले चटका देत होतं, वास सडक्या अंड्याचा. आंबे पिकवायले आपण धानाच्या तणसात, वाळल्या पेंढ्यात घालतो, आत कशी ऊब धरते ते मले ठाऊक. म्हणून घरूनच पोतंभर तणस नेलं होतं. कॅन त्यात दाबून बसवला.

कंडक्टर हसला. "काका, पाणी पिकवता का?"

"तुले काय करायचं? तिकीट फाड."

तीन गाड्या बदलून संध्याकाळी घरी पोचलो. कॅन थंडगार. मी गुपचूप ते पाणी गंजात ओतून चुलीवर ठेवलं. खाटेवरून ती म्हणे, "चुलीवर तं आपल्या विहिरीचंबी पानी गरम होते जी. मले तिथं बसाचं होतं."

तरी पाय शेकू दिले. माझ्यासाठी.

पंधरा दिवसांत ती गेली.

राख घेऊन कारध्याले, वैनगंगेवर जायचं होतं. त्या सकाळी कॅनमधलं उरलेलं पाणी मी तापवलं, परत भरलं, परत तणसात घातलं. पोरगा म्हणे, "बा, हे कायले?" जीपमध्ये पोतं मांडीवर धरून बसलो.

नदीत गुडघाभर पाण्यात उभा राहिलो. बांधीतल्यासारखंच थंड. राख सोडली अन् तिच्यावर गरम पाणी सोडावं म्हणून कॅनचं झाकण काढायले लागलो. झाकण फिरेना. शेवटी निघालं. वाफ आली.

"चला आता, बा," पोरगा म्हणे.

"हात लावून पाह्य," मी म्हटलं. "गरमच हाये."

त्याने हात लावला नाही. राख पुढे निघून गेली होती.