किल्लीवाल्याची शिष्या

घरात तिला सगळे टकटक म्हणत. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं, ते तिथेच सुखात राहिलं. जेवताना चमचा ताटलीवर, झोपताना बोटं भिंतीवर, दुकानात उभी राहिली की काउंटरवर. हात म्हणून एका जागी ठरायचे नाहीत.

आईची लाँड्री होती. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे टॉवेल, मेजवान्यांचे टेबलक्लॉथ. मागच्या खोलीत चार मोठी यंत्रं दिवसभर घुमत. टकटक तान्ही असताना आई तिला तिथेच कपड्यांच्या टोपलीत निजवायची. यंत्र पिळायला लागून जमीन थरथरली की पोर गाढ झोपायची, आणि यंत्र थांबलं रे थांबलं की भोकाड पसरायची.

धुतलेले कपडे मामा व्हॅनमधून पोचवायचा. व्हॅनच्या प्लेअरमध्ये हेवी मेटल गाण्यांची एक सीडी अडकली होती, कुण्या मित्राने कौतुकाने दिलेली. ती बाहेर निघेना, आणि प्लेअर बंद केला की हॉर्न वाजेना, असं काहीतरी वायरींचं त्रांगडं होतं. त्यामुळे वर्षानुवर्षं मामाने त्याच अकरा गाण्यांच्या कल्लोळात चादरी पोचवल्या. त्याच्या कानात कापूस असायचा. शाळा सुटल्यावर टकटक शेजारी येऊन बसायची आणि डोळे मिटून घ्यायची. त्या गिटारींच्या, त्या आरोळ्यांच्या खाली कुणीतरी न दमता धावत होतं, आणि तिला वाटायचं, आपण त्याच्या पाठीवर बसलोय. डोळे उघडले की रस्ता, दिवे, पदपथावरची माणसं, सगळं पाण्याखालून बघावं तसं मऊ दिसायचं.

लाँड्रीच्या समोर किल्लीवाल्या काकांचं दुकान होतं. एक दिवस ते पाहुण्यांच्या खोलीचे पडदे घ्यायला आले. टकटक तेव्हा बारा वर्षांची. दोन लाकडी हँगर मोडून केलेल्या काड्यांनी ती काउंटर बडवत होती. काका पडदे विसरून बघत राहिले.

"काडी गळा दाबल्यासारखी धरू नकोस," ते म्हणाले. "किल्ली फिरवताना धरतेस ना, तशी धर. जेवढी हवी तेवढीच."

"तुम्हाला वाजवता येतं?"

"सर्कशीत होतो. एकोणीस वर्षं."

दुसऱ्या दिवसापासून दुपारी दोन ते चार, दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं असताना, तिची शिकवणी सुरू झाली. ड्रम नव्हताच. जुन्या टायरचा एक तुकडा, त्यावर काड्या, आणि काकांचं एकच म्हणणं: "सावकाश. इतकं सावकाश, की दोन ठोक्यांच्या मध्ये तुला कंटाळा आला पाहिजे." वर्षभर ती टायरच बडवत होती. भिंतीवर हजारभर किल्ल्या टांगलेल्या. बाहेरून मोठी गाडी गेली की सगळ्या एकदम किणकिणायच्या, आणि शटरखालून आलेलं ऊन त्यांच्यावर हलायचं. त्या उजेडात काका सर्कशीच्या गोष्टी सांगायचे. झोक्यावरून उडी मारायच्या आधी ड्रमवर रोल, म्हणजे काड्यांची अखंड थरथर, सुरू करायची, आणि हातात हात सापडेपर्यंत सोडायची नाही.

"एकदा मला शिंक आली," ते म्हणाले. "रोल तुटला. झोक्यावरच्या बाईने वरून असं काही पाहिलं माझ्याकडे, की वाटलं, आता ही नाही, मीच पडतो."

"मग?"

"मग तिने खाली उतरून मला सगळ्यांसमोर झापलं."

"आणि मग?"

काकांनी मागच्या दाराकडे मान वळवली. तिथे गुडघ्यांना तेल चोळत काकू बसल्या होत्या. "अजून झापते," ते म्हणाले.

काकूंनी वर पाहिलंसुद्धा नाही. "दुकानात शिंकतो तेव्हाही झापते," त्या म्हणाल्या.

टकटक सोळा वर्षांची झाल्यावर एका दुपारी धीर करून काकांना मामाच्या व्हॅनमध्ये घेऊन गेली. पहिल्या गाण्याला काकांचा चेहरा कडू झाला. "हे सगळे एकमेकांशी भांडतायत का?" दुसऱ्याला त्यांनी डोळे मिटले. पाचव्याला त्यांची बोटं मांडीवर हलायला लागली, आणि अकरावं संपलं तेव्हा ते म्हणाले, "हा वाजवणारा पलटणीच्या बँडमध्ये शिकलाय, नाहीतर तिथल्या कुणाच्या हाताखाली. डावा हात ऐक त्याचा. हेच तर मी तुला शिकवतोय, फक्त याच्या घराला आग लागलीये." मग त्यांनी विचारलं, "आणि पायाने काय करतोय हा?"

"दोन्ही पायांनी बास ड्रम वाजवतात, काका. एक पेडल उजव्याला, एक डाव्याला."

ते मात्र काकांना येत नव्हतं. तसं त्यांनी सरळ सांगितलं, आणि आठ दिवसांत शिलाई मशीनच्या पायाखालच्या दोन पट्ट्या, कुलपांच्या स्प्रिंगा आणि लाकडाचे दोन गोळे जोडून तिला पेडल करून दिले. रोज संध्याकाळी लाँड्रीत टॉवेलांचं घट्ट गाठोडं भिंतीला लावून ती त्यावर पायांचा सराव करी. धप, धप, धप, धप. पोटऱ्या दगड व्हायच्या. डावा पाय सासरी आलेल्या जावयासारखा अवघडून बसायचा, सांगितल्याशिवाय काही करायचा नाही. दीड वर्षाने एका संध्याकाळी तो आपला आपण चालायला लागला. टकटकला आधी कळलंच नाही. यंत्रं घुमत होती, वाफेने काचा धुरकट झाल्या होत्या, आणि पाय दुसऱ्याच कुणाचे असल्यासारखे खाली धावत होते. ती वर तरंगत होती. आईने इस्त्री थांबवून पाहिलं आणि पुन्हा चालू केली.

एकोणिसाव्या वर्षी तिने एका बँडची पाटी वाचली: ड्रमर हवा. सुताराच्या गोदामात तालीम चालायची. गिटारवाला एरवी सलूनमध्ये केस कापायचा. गायक ग्रंथालयात होता. दिवसभर कुजबुजायचा आणि त्याचा सूड संध्याकाळी उगवायचा. खऱ्या ड्रमसेटवर टकटक आयुष्यात तिसऱ्यांदा बसत होती. पहिल्याच गाण्यात ती अशी सुटली की बाकीचे मागे राहिले.

गिटारवाल्याने हात वर केला. "मागे कुत्रं लागलंय का?"

उठावं आणि घरी जावं असं वाटलं. पण ती म्हणाली, "तुमचं सगळ्यांत संथ गाणं कुठलं? ते घेऊया."

ते एकमेकांकडे बघायला लागले. संथ गाणं कुणी मागत नाही. घेतलं. पहिल्या ठोक्यानंतर तिने वाट पाहिली, मग दुसरा दिला. हवेतला लाकडाचा भुसा प्रत्येक ठोक्याला किंचित उडायचा आणि उन्हात तरंगत खाली यायचा. कण खाली येईपर्यंत तिला घाई नव्हती. गायक गायचं विसरला आणि अख्खं कडवं तसंच गेलं.

"गुरुवारी ये," गिटारवाला म्हणाला. निवड झाली, असं काही कुणी बोललं नाही.

पहिला कार्यक्रम बंद पडलेल्या एका सिनेमागृहात झाला, रविवारी दुपारी. मामा आला, कापूस न घालता. काका-काकू पहिल्या रांगेत. दीड तास टकटक कुठे होती ते तिलाही सांगता आलं नसतं. संपल्यावर काका जवळ आले. "तिसऱ्या गाण्यात डावा हात झोपला होता," ते म्हणाले, आणि तिचा तोच हात दोन्ही हातांत धरून बराच वेळ उभे राहिले.

मग ती मागच्या पायरीवर जाऊन बसली. कानात शिट्टी वाजत होती. माणसांचे ओठ हलत होते, आवाज मात्र फार लांबून, उशीतून आल्यासारखा. आई समोर येऊन काहीतरी विचारत होती. आईचे डोळे ओले होते. टकटक म्हणाली, "हो, आई. हो."

घरी गेल्यावर कळलं, की उद्या सकाळी सहाला साठ टेबलक्लॉथ धुवायला येशील का, असं आई विचारत होती.

टकटक पावणेसहालाच हजर होती.