आबांचं बार्सिलोना

आबांइतकं मन लावून बसणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. तळेगावच्या आमच्या कारखान्यात ते मेंटेनन्सचे फिटर होते. मशिन बंद पडलं की उठायचे, चालू झालं की दिसेल त्यावर टेकायचे. उलटी बादली, पॅकिंगची पेटी, जिन्याची पायरी, काहीही चालायचं. बसताना एक लांब "आई गंऽ" निघायचं आणि डोळे मिटले जायचे. झोपत मात्र नसत. नवी पोरं हसायची, तेव्हा डोळे न उघडताच म्हणायचे, "हसा. तुमचं गुडगं अजून वॉरंटीत हायेत."

दमण्याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. जवळच सुदुंबऱ्याला त्यांचं थोडं रान होतं. पहाटे पाणी धरायचं आणि तसंच पहिल्या शिफ्टला यायचं, असं त्यांचं सगळं आयुष्य गेलं. सुट्टीच्या दिवशी रानात जास्त काम असायचं. "सुट्टी म्हंजे काय, तर युनिफॉर्म न घालता दमायचं," असं ते म्हणायचे. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. आठवण येते ती मात्र कारखान्यातल्या आबांची नाही, बार्सिलोनातल्या आबांची येते.

आमच्या कंपनीने तिथल्या एका कारखान्याची ग्राइंडिंगची लाइन विकत घेतली होती. ती सुटी करून, पेट्यांत भरून तळेगावला आणायची होती. मशिनसाठी आबांना निवडलं आणि मी पुण्यात हौसेने स्पॅनिश शिकले होते म्हणून मला बरोबर धाडलं. निघण्याआधी साहेबांनी आबांना तोंडी शब्द दिला होता, की हे काम नीट झालं तर निवृत्तीनंतर नोकरीची दोन वर्षं वाढवून मिळतील. आबांना ती दोन वर्षं हवी होती. धाकट्या मुलीचं नर्सिंगचं शिक्षण अजून चालू होतं.

कंपनीने राहायला दिलं होतं तरुण पोरापोरींचं एक स्वस्त हॉस्टेल. एकावर एक पलंग, स्वयंपाकघर सगळ्यांचं मिळून एक. आबांना खालचा पलंग मिळावा म्हणून मी एका ब्राझिलच्या मुलाला विनवलं. बाहेरचं जेवण परवडणारं नव्हतं. आबांनी सुदुंबऱ्याहून बेसन आणि ठेचा आणला होता. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी पिठलं टाकलं. फोडणीच्या ठसक्याने अर्धं हॉस्टेल खोकत बाहेर गेलं आणि वासाने परत आलं. त्या ब्राझिलच्या मुलाने पातेलं पुसून खाल्लं. "बिचारं उपाशी हाय," आबा म्हणाले. "आई लांब आसंल."

कारखाना शहराबाहेर होता. लोकलने एका छोट्या स्टेशनावर उतरायचं. आमच्या तळेगावजवळच्या छोट्या स्टेशनावरून आबांनी त्याचं नाव बेगडेवाडीच ठेवलं. तिथे आम्हाला मशिन दाखवायला जो माणूस होता, त्याचं नाव जोर्दी. वय आबांएवढंच, मिशा पांढऱ्या, बोलणं मोजकं. आबांनी पहिल्याच दिवशी त्याचा "जोरदार भाऊ" करून टाकला. दुपारी जोर्दी पावावर टोमॅटो चोळून, वर तेल घालून खायचा. आबा शेजारच्या पेटीवर बसून आपला पाव ठेच्याबरोबर खायचे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दोघांनी पाव बदलले. जोर्दीच्या डोळ्यांतून पाणी आलं. आबा मला म्हणाले, "इचार त्येला, लाइन आमच्याकडं आल्यावर हितं कुटली मशिनं येणार?"

मी विचारलं. जोर्दी म्हणाला, "कुठलीच नाही. कारखाना बंद होतोय. आम्ही आठ जण राहिलोय ते तुमच्या पेट्या भरण्यापुरते. शेवटची पेटी गेली की आमचा पगार संपला."

मला ते माहीत होतं. आबांना कुणी सांगितलं नव्हतं. ते उठले, पाना उचलला आणि कामाला लागले. पण त्या दुपारपासून त्यांचा हात जड झाला.

शनिवारी जोर्दी हॉस्टेलवर आला. म्हणाला, पैसे खर्चून शहर कुणीही दाखवेल, मी फुकटातलं दाखवतो. आणि दिवसभर त्याने आम्हाला पायी फिरवलं. तहान लागली की रस्त्यावरच्या नळाला तोंड लावायचं. मोठ्या बाजारात हिंडून फळं, मासे, मिरच्यांच्या माळा नुसत्या डोळ्यांनी खायच्या. माणसांचा पूर वाहत होता. कुणी गात होतं, कुणी नाचत होतं, कुणी अंगाला चंदेरी रंग फासून पुतळ्यासारखं उभं होतं. आबा त्या पुतळ्यापुढे थांबले. "ह्ये कामाला हाय का?" त्यांनी विचारलं. हो म्हटल्यावर फार हळहळले. "दिसभर हुबं राहायचं? आन बसायचं न्हाई?"

एका चौकात माणसांचे थर लावणं चाललं होतं. आमच्या गोविंदासारखंच, फक्त शिस्तीत. आबांनी वर पाहिलं. "हंडी कुटं हाय?"

"हंडी नसते," जोर्दी म्हणाला. "वर जाऊन हात करायचा आणि खाली यायचं. चढायला सगळ्यांना जमतं. पडतात ती माणसं उतरताना." मी भाषांतर केलं. आबा सगळा थर सुखरूप उतरेपर्यंत तिथून हलले नाहीत.

त्या सुप्रसिद्ध चर्चचं, साग्रादा फामिलियाचं, तिकीट आम्हाला झेपणारं नव्हतं. जोर्दीने समोरच्या बागेत तळ्याकाठचं एक बाकडं दाखवलं. आबांना ते बाकडं चर्चपेक्षा आवडलं असावं. इतकी वर्षं काम चालू आहे आणि अजून पूर्ण नाही, हे ऐकून मात्र ते खूश झाले. "चांगलं केलं. घाई न्हाई केली. म्हंजे हितल्या गवंड्याला कायम काम हाय."

संध्याकाळी समुद्रावर गेलो. वाळूत माणसं आडवी पडली होती. आबांनी पँट दुमडून पाय पाण्यात घातले आणि मागे येऊन बसले. मग मला म्हणाले, "पोरी, एक इचार त्येला. आमी तुमचं काम घिऊन चाललोय. आमचा राग न्हाई का येत?" कारखान्यात ते मला "म्याडम" म्हणत. त्या दिवशी सकाळपासून मी पोरी झाले होते.

जोर्दीने ऐकून घेतलं. वाळू मुठीत घेतली, सोडली. "येतो," तो म्हणाला. "सोमवार ते शुक्रवार येतो. आज शनिवार आहे."

आबा हसले नाहीत. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि अंधारून येईपर्यंत तसाच ठेवला.

त्यानंतर काम रखडलं. आबांची पाठ धरायची. बोल्ट गंजलेले निघायचे. भरलेली पेटी उघडून पुन्हा भरावी लागायची. तळेगावहून साहेबांचे फोन माझ्याकडे यायचे. शेवटी मी आबांना विचारलंच. ते जिन्याच्या पायरीवर बसले होते.

"काम जितकं लांबंल तितका त्येंचा पगार लांबंल," ते शांतपणे म्हणाले. "लय न्हाई. ह्यो म्हयना भरू दे. आन मी खोटं बोलत न्हाई पोरी, मी दमलोय बी."

"आबा, तुमची दोन वर्षं जातील."

"व्हय. कळतंय मला."

महिना भरला. शेवटची पेटी गेली. निरोपाच्या वेळी जोर्दीने आबांना आपला पाना दिला. आबांकडे द्यायला काही नव्हतं. त्यांनी उरलेला ठेचा दिला.

तळेगावला आल्यावर साहेबांनी दोघांना बोलावलं आणि उशीर का झाला ते विचारलं. मी तोंड उघडायच्या आत आबा म्हणाले, "मी दमलो व्हतो, सायेब." नंतर आबांची बाजू कळावी म्हणून मी एकटी जाऊन खरं काय ते सांगून आले. साहेब म्हणाले, "मग तर वाढीव दोन वर्षांचा प्रश्नच मिटला." लाइन आबांनीच उभी केली, चालू करून दिली आणि ठरल्या तारखेला हार-नारळ घेऊन घरी गेले.

पुढे ते तळेगावातच एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन म्हणून बसू लागले. मुलीचं शिक्षण त्यावर पुरं झालं. मी अधूनमधून तिथे थांबायचे. सकाळचं रान आणि संध्याकाळची ड्युटी, दमणं काही सुटलं नव्हतं. एकदा मी विचारलं, "आबा, वाईट वाटतं का हो, त्या दोन वर्षांचं?"

ते म्हणाले, "वाटतं की. न्हाई कशाला म्हनू?" मग म्हणाले, "पर एक सांगू? त्या मानसानं मला दिसभर हाताला धरून त्येचं गाव दावलं. मी सुदुंबऱ्यात जलमलो. लोनावळ्याला कामानं धा वेळा गेलतो. त्येच्याबिगर फिरायला म्हनून मला आजवर कुनी न्हेलं न्हाई."

पुढच्या रविवारी, ठरवल्याप्रमाणे त्यांना फिरायला न्यायला मी गाडी घेऊन सुदुंबऱ्याला गेले. आबा धुतलेला सदरा घालून ओट्यावर तयार होते. घरच्यांनी कुठे निघालात विचारलं तर लाजून "म्याडमचं काम हाय" म्हणाले. रस्त्यात थोडा वेळ डोंगरांची नावं सांगत होते. कामशेत मागे पडलं आणि बोलणं थांबलं. लोणावळ्याच्या अलीकडे गाड्यांची लांबच लांब रांग लागली होती. पोरं गाडीतून उतरून नाचत होती, कणीसवाले काचांवर टकटक करत होते. मी शेजारी पाहिलं. आयुष्यभर नुसते डोळे मिटून बसणारे आबा या वेळी खरोखर गाढ झोपले होते, बारीक घोरत, तोंड जरासं उघडं, हात मांडीवर पालथे.

एका कणीसवाल्याने काच वाजवायला हात उचलला. मी त्याला खुणेनेच नको म्हटलं.