दत्तूच्या टेपमधली शिट्टी

धामणकर नाक्यावर चहा पीत होतो. दत्तूचा मेहुणा समोर आला आणि एवढंच म्हणाला, "दाजी गेले." दत्तू, माझा मित्र. लूमवर ड्युटी करायचा आणि दिघाशी गावच्या भजनात पहिला आवाज लावायचा. त्याला जाऊन महिना झाला, पण अजून पचत नाही...

रेडिओच्या चाचणीला आपला आवाज पाठवायचा, हे त्याच्या डोक्यात बसलं, तेव्हा आम्ही त्याच्या खोलीतच टेपरेकॉर्डर मांडला. शुक्रवारी लूम बंद, म्हणून शुक्रवारी. पत्र्यावर आवाज आपटू नये म्हणून गोधड्या टांगल्या, तर गाणं पार कोरडं झालं. मग पठ्ठ्याने रिकामा रांजण आडवा केला आणि माइक रांजणाच्या तोंडाशी धरून गायला. वहिनी वैतागली, "पाणी कशात भरू? तुमच्या गळ्यात?" आवाज मात्र देवळात गायल्यासारखा घुमला.

फक्त मागे एक बारीक शिट्टी यायची. टेप स्वस्तातली, असं आम्ही धरून चाललो. टेप बदलली, हेड पुसलं. यंत्राला दोन बटणं होती, एक जाड आवाजाचं, एक बारीक आवाजाचं. बारीकचं उतरवत नेलं तसा दत्तूचा गळा बसल्यासारखा वाटू लागला, पण शिट्टी काही पुरती जाईना. ती यायची एक ओळ संपून दुसरी सुरू होताना.

"मशीन बी माझ्यासंगं दम घेतंय," तो हसला. मीही हसलो.

वहिनीने एकदा दारात उभं राहून टेप ऐकली. "ही मशीनची न्हाय, भाऊजी," ती म्हणाली. "रोज माझ्या उशाशी वाजते."

लूमवर उडणारी कापसाची बारीक धूळ त्याच्या छातीत बसली होती. "चाचणी होऊ दे, मंग दाखवतो डाक्टरला," दत्तू म्हणाला आणि पुन्हा गायला बसला. त्यानंतर टेप लावली की आम्ही एकमेकांकडे बघत नसू. दर शुक्रवारी ओळी आखूड होत गेल्या, शिट्टी लांबत गेली. त्यातली एक टेप रेडिओला पाठवली, पण चाचणीचं बोलावणं आलंच नाही.

तेराव्यानंतर वहिनीने टेप लावायला सांगितली. तिला त्रास नको म्हणून मी बारीकचं बटण खाली केलं. तिने माझा हात बाजूला सारला आणि ते पार वर नेलं.

"गाणं तर सगळ्या गावानं ऐकलंय," ती म्हणाली. "मला त्यांचा दम ऐकू दे."