दिव्यापाशी ठेवलेला चेक

वीज पडून बाप गेला तेव्हा माय त्याच्यापासून दोन वाफे दूर होती. परतीचा पाऊस होता. मालेगावजवळची आमची भाजीपाल्याची वाडी म्हणजे दुसऱ्याचं वावर, ठोक्यानं केलेलं. पाडव्याला मालकाच्या हातावर वर्षाची रक्कम ठेवायची, मग पुढच्या पाडव्यापर्यंत वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, सगळं आपलं. मी धनजला दिलेली लेक. निरोप आल्यावर नेसत्या कपड्यांनिशी निघाले. पोचले तेव्हा बाजारासाठी बांधलेल्या मेथीच्या जुड्या ओल्या पोत्याखाली तशाच पडल्या होत्या.

सरकारी मदतीचा चेक मात्र तेरवीच्या आधीच आला. साहेब आले, पुढारी आले, फोटोवाला आला. मायला अंगणात खुर्चीवर बसवून तिच्या हातात चेक दिला आणि म्हणाले, "ताई, इकडे बघा." त्या फोटोसाठी पुढारी केस विंचरून आला होता. आजही आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

गेलेल्या माणसाच्या पैशाला तेरवी होईस्तोवर हात लावायचा नाही, अशी आमच्यात रीत. मायनं चेक बापाच्या फोटोपुढच्या दिव्यापाशी ठेवला. खात्यात भरणं म्हणजे खर्च करणं नव्हे, असं मी समजावून पाहिलं. "त्याचा जीव अजून इथंच हाय," ती म्हणाली. "त्याच्यासमोर त्याची किंमत मोडू का?"

तेरवी झाली आणि पाहतो तर चेक नाही. दिव्यापाशीची फुलं, तांदूळ, सगळं मामानं गाठोड्यात बांधून नदीत सोडलं होतं. मामा म्हणजे मायचा धाकटा भाऊ, मानोऱ्याकडे राहणारा. त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "माह्याच हातानं गेला असन व बाई," म्हणत तो ओक्साबोक्शी रडला. त्याची समजूत मायलाच काढावी लागली.

दुसऱ्या चेकसाठी तहसीलच्या फेऱ्या सुरू झाल्या. आज साहेब दौऱ्यावर, उद्या बाबू रजेवर. अशात दिवाळी आली. भाऊबिजेला मामा लुगडं घेऊन आला. दुःखाची पहिली दिवाळी असली की भावानं बहिणीला लुगडं नेसवायचं असतं. पण हे चांगलं जरीकाठाचं होतं.

"येवढं भारी कायले आनलं रे?" माय म्हणाली.

"तुह्यापरीस पैसा जास्त हाय का, बाई?"

माय ते नेसली आणि कितीतरी वेळ काठावरून हात फिरवत बसली. बाप गेल्यापासून ती पहिल्यांदाच पोटभर जेवली.

संक्रांतीनंतर तहसीलचं उत्तर आलं. चेक वटला होता. मानोऱ्याच्या एका पतसंस्थेत, मायच्या नावाच्या खात्यात. मायनं त्या पतसंस्थेचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. आम्ही दोघी बसनं गेलो. मॅनेजर आधी उडवाउडवी करायला लागला. मी आवाज चढवला तेव्हा त्यानं शिपायाला बोलावलं. शिपायाला सगळं आठवत होतं.

"विधवा बाई होती, कोऱ्या कपाळाची. लय रडून राह्यली होती. संगं तिचा भाऊ होता. आधारची झेरॉक्स त्यानंच देल्ली."

मायच्या आधारची झेरॉक्स मामानं तेरवीच्या घाईगर्दीत मागून नेली होती, रेशनच्या कामासाठी म्हणून. मी मोबाइलमधला मामा-मामीचा फोटो शिपायापुढं धरला. "हेच दोघं," तो म्हणाला.

बसस्टँडवर येऊन बसलो तेव्हा माय म्हणाली, "नवरा बाजूले बसला असतानी तिनं कुकू पुसलं?" घर येईपर्यंत ती मधूनमधून तेवढंच विचारत होती.

पतसंस्थेचं म्हणणं एकच होतं. पोलिसांत नावानिशी तक्रार द्या, गुन्हा नोंदला की पैसे आम्ही भरू. पाडवा तोंडावर आला होता आणि वाडीच्या मालकानं दुसरा माणूस पाहून ठेवला होता. म्हणजे वाडी ठेवायची तर भाऊ सोडायचा. मायला दुसरा भाऊ नव्हता. माहेर म्हणून तेवढं एकच दार होतं.

मामी आली, ठसठशीत कुंकू लावून. मायच्या पाया पडली. "चुकलं बाई. रपोट नोका देऊ. हळूहळू फेडतो आमी."

माय तिच्या कपाळाकडं पाहत राहिली. "माहं कुकू पुसलं तवा दोघीजनींनी माहे हात धरले होते," ती म्हणाली. "तुहे कोनी धरले होते?"

मामी उठली आणि चपला न घालताच अंगणाबाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात मायनं भावाचं नाव सांगितलं.

"सख्खा?" हवालदारानं विचारलं.

"व्हय, सख्खा."

मग तिनं पिशवीतून भाऊबिजेचं लुगडं काढून टेबलावर ठेवलं. "हे बी मुद्देमालात लिवा."

"मावशी, भावानं प्रेमानं दिलेलं..."

"भावानं नाई देल्लं," माय म्हणाली. "नवरा मेला म्हनून भेटलं."

पैसे पाडव्याच्या आधी मिळाले. वाडी राहिली. मामा काही दिवस आत राहून जामिनावर सुटला, खटला अजून चालू आहे आणि लुगडं ठाण्यातच पडून आहे. गेल्या भाऊबिजेला मी मायकडं होते. दिवेलागणीला तिनं ताट घेतलं, वाडीच्या बांधावर गेली आणि ज्यांना भाऊ नसतो त्या बाया ओवाळतात तसं तिनं चंद्राला ओवाळलं.